वाल्दिव्हियाची मातीची बाई

तिच्या डोक्यावरचे केस एवढे भरगच्च आणि कोरीव आहेत की नजर आधी तिथेच जाते. कपाळावर सरळ रेषेत कापलेले, कानांवरून खांद्यापर्यंत उतरलेले, बारीक रेघांनी विंचरलेले. हा केसांचा टोप बाजूला काढला तर उरते ते अगदी थोडे. चेहरा म्हणजे केसांच्या आत दबलेली एक उथळ, सपाट जागा. डोळ्यांसाठी दोन चिरा, तोंडासाठी एक, भुवयांची एखादी रेघ, नाक असले तर असले. हात म्हणजे छातीखाली आडवे दुमडलेले दोन उंचवटे, आणि पुष्कळ मूर्तींत तेही नाहीत. स्तन मात्र ठसठशीत. त्याखाली धड सरळ उतरत जाते, मधोमध एका खोबणीने त्याचे दोन पाय होतात आणि पाय निमुळते होत संपतात. पावले नाहीत, त्यामुळे मूर्ती स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही. ती हातात धरायची, आडवी ठेवायची किंवा मऊ जमिनीत खोचायची. बहुतेक मूर्ती बोटभर ते अर्ध्या वितीएवढ्याच. लाल मातीचा पातळ लेप दिलेला, वर घोटून आणलेली झिलई.

या मूर्ती घडवणाऱ्यांना चाक माहीत नव्हते, धातू माहीत नव्हता. इ.स.पूर्व ३०००च्या आगेमागे, गिझाचे पिरॅमिड उभे राहायला अजून काही शतके असताना, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. भाजलेल्या मातीत माणसाची आकृती घडवण्याची अमेरिका खंडातली ही सर्वांत जुन्या परंपरांपैकी एक. तिच्या शोधाची आणि तिच्यावरून झालेल्या वादाची ही हकीकत आहे. त्या वादात बरीच वर्षे विद्वानांचे लक्ष खापरांवर खिळले होते आणि मूर्ती बाजूला पडल्या होत्या, असे मला वाटते. मूर्तींकडे नीट पाहिले असते तर पुष्कळ श्रम वाचले असते.

विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला, इक्वेडोर देशाच्या सांता एलेना भागात वाल्दिव्हिया हे कोळ्यांचे गाव आहे. समोर पॅसिफिक, मागे कोरडा, काटेरी झुडपांचा मुलूख आणि त्यातून समुद्राकडे येणारी एक छोटी नदी. गावाशेजारी शिंपल्यांनी, राखेने आणि खापरांनी भरलेली जुनी पांढर होती. १९५६ साली तिथे एमिलियो एस्त्रादा यांनी खोदकाम सुरू केले. एस्त्रादा ग्वायाकिल या बंदराच्या शहरातले सधन व्यावसायिक, त्या शहराचे महापौरही राहिलेले. त्यांचे आजोबा १९११ साली देशाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी पदावर असतानाच वारले. पुरातत्त्वाचे विद्यापीठीय शिक्षण एस्त्रादांकडे नव्हते. पण आपल्या किनाऱ्याचा इतिहास इंका आणि स्पॅनिश यांच्यापाशी थांबत नाही याची त्यांना खात्री होती, आणि त्या खात्रीसाठी पैसा, वेळ आणि अंगमेहनत घालायची तयारी होती.

अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या बेटी मेगर्स आणि क्लिफर्ड इव्हान्स या पती-पत्नींशी त्यांचे सूत जुळले. ही जोडी आधी ॲमेझॉनच्या मुखाशी काम करून आलेली, थरांची मोजणी आणि खापरांची वर्गवारी यांत मुरलेली. तिघांनी मिळून वाल्दिव्हियाची पांढर वीस-वीस सेंटिमीटरच्या टप्प्यांनी खाली नेली. कार्बन-१४ने काळ काढण्याची पद्धत तेव्हा नवी होती. ती शोधणाऱ्या विलर्ड लिबी यांना नोबेल मिळाले तेच १९६० साली. वाल्दिव्हियाच्या कोळशाचे नमुने तपासून आले तेव्हा आकडे थक्क करणारे होते. तळाच्या थरांचा काळ इ.स.पूर्व ३०००च्याही मागे जात होता. दोन्ही अमेरिकांत एवढी जुनी खापरे तोवर कोणाच्या हाती लागली नव्हती. आज दुरुस्त केलेल्या कालगणनेप्रमाणे वाल्दिव्हिया संस्कृतीचा काळ साधारण इ.स.पूर्व ४४०० ते १४५० असा धरतात.

खापरांबरोबर मूर्ती निघाल्या, आणि थोड्याथोडक्या नाहीत. त्या कशा केल्या हे तुटलेल्या तुकड्यांतून स्पष्ट दिसते. कडबोळ्यासाठी वळतात तशा मातीच्या दोन वळ्या करायच्या. त्या शेजारी शेजारी ठेवून दाबायच्या, म्हणजे धड एकसंध होते आणि खालच्या टोकाला दोन पाय आपोआप सुटे राहतात. वर गोलसर डोके. मग मातीची वेगळी पातळ पट्टी थापून ती डोक्याला बसवायची, हे केस. पट्टीची पुढची कड चेहऱ्याभोवती चौकट धरते, म्हणून चेहरा आत गेल्यासारखा दिसतो. स्तन वेगळ्या गोळ्यांचे चिकटवायचे. माती थोडी सुकली की टोकदार हत्याराने केसांच्या रेघा ओढायच्या, डोळे-तोंडाच्या चिरा पाडायच्या, लेप देऊन घोटायचे आणि उघड्या आगीत भाजायचे. मूर्ती तुटते तीही बहुधा जोडाच्या ठिकाणी. काही तुकड्यांत दोन वळ्या एकमेकींपासून उभ्या सुटलेल्या दिसतात, काहींत केसांचा टोप सबंध निघून आलेला असतो. पाच हजार वर्षांपूर्वीचे काम हातातल्या तुकड्यावर पायरी-पायरीने वाचता येते, असे भाग्य इतिहासात फार वेळा लाभत नाही.

आता मेहनत कुठे केली आहे ते पाहा. डोळ्यांना दोन चिरा पुरल्या, पण केसांवर कोणी कंजुषी केलेली नाही. एका मूर्तीचे केस दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या भारासारखे, दुसरीचे मधोमध भांग पाडून, तिसरीच्या डोक्याचा अर्धा भाग तासल्यासारखा गुळगुळीत आणि उरलेल्या भागावर रेघा. पाठीमागेही काम आहे. केस मानेवरून खाली उतरून एका ठरावीक आकारात कापलेले दाखवले आहेत. ज्याला केसांची एवढी बारीक रेघ साधते त्याला बोटे आणि पापण्या साधत नव्हत्या, हे पटत नाही. बोटे नकोत हे त्याने किंवा तिने ठरवले होते. पावले, हात, कान वगळायचे, चेहरा अगदी मोजक्या खुणांवर आणायचा आणि सगळा भर स्तन आणि केशरचना यांवर द्यायचा. एका मूर्तीत असे दिसले असते तर योगायोग म्हणता आला असता. शतकामागून शतक हेच दिसते, तेव्हा ती शैली असते. या मूर्तींच्या अमूर्त घडणीला ‘आदिम’ किंवा ‘बाळबोध’ म्हणणारे लेखन मी वाचतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

ही शैली कुठून आली याचे उत्तर त्याच पांढरीत, अगदी खालच्या थरांत होते. तिथे मातीच्या मूर्तींच्या आधीच्या दगडी मूर्ती निघाल्या. मऊ दगडाची लांबट, सपाट पाटी, घासून कडा गोल केलेली. काहींवर एकही रेघ नाही, आणि त्या माणसाच्या आहेत हे शेजारच्या मूर्ती पाहिल्याशिवाय कळणारही नाही. काहींच्या खालच्या कडेला मधोमध एक खाच आहे, तेवढ्याने पाटीला दोन पाय होतात. काहींवर मग डोळ्यांच्या, भुवयांच्या, दुमडलेल्या हातांच्या रेघा येतात. वरच्या थरांकडे सरकावे तसे दगड मागे पडतो आणि माती पुढे येते. काही काळ दोन्ही चालत असणार. एक संपले आणि दुसरे सुरू झाले असा कडक हिशेब इथे लागत नाही. पण मातीच्या बाईच्या अंगात दगडाची ती पाटी स्पष्ट दिसते. सपाट, समोरून पाहण्याजोगे शरीर तेच. पायांमधली खाच तीच. चेहरा दोन-चार रेघांत आटोपण्याची सवयही तीच. मातीने त्यात गोलाई आणली, स्तन आणले आणि केसांचा तो भव्य टोप आणला.

म्हणजे एक परंपरा आपल्या डोळ्यांदेखत जन्मते आणि वाढते आहे, आणि तीही जिथे खोदले तिथेच. इथपर्यंत सगळे सरळ होते. पण उत्खनन करणाऱ्या तिघांच्या डोक्यात वेगळा प्रश्न घर करून बसला. वाल्दिव्हियाची मृद्भांडी जुनी होती, पण कच्ची नव्हती. भांड्यांच्या काठांना वळणे होती, अंगावर रेघांची, बोटांच्या ठशांची, शिंपल्याच्या कडेने उठवलेली नक्षी होती. एवढी तयार कला एकदम कशी उगवली? शिकण्याच्या पायऱ्या कुठे आहेत? त्यांच्या खड्ड्यांत त्या पायऱ्या सापडत नव्हत्या. मग त्या दुसऱ्या कुठे तरी असणार, असे त्यांनी धरले.

जपानी उत्खननांची चित्रे पाहताना पहिल्यांदा साम्य जाणवले ते एस्त्रादांना. जपानची जोमोन संस्कृती मातीच्या भांड्यांसाठी जगात अतिशय जुनी म्हणून प्रसिद्ध. क्युशू बेटावरच्या सोबातासारख्या स्थळांतली काही खापरे आणि वाल्दिव्हियाची काही खापरे शेजारी ठेवली तर फरक सांगणे अवघड जात होते. १९६१ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, एस्त्रादा वारले. मेगर्स आणि इव्हान्स यांनी जपानला जाऊन तिथले संग्रह पाहिले आणि १९६५ साली तिघांच्या नावाने वाल्दिव्हियावरचा जाडजूड ग्रंथ स्मिथसोनियनतर्फे प्रसिद्ध केला. त्यातला सिद्धान्त असा : इ.स.पूर्व ३०००च्या सुमारास क्युशूच्या किनाऱ्यावरून मासेमारीला निघालेली एखादी होडी वादळात सापडली, प्रवाहात वाहत पॅसिफिक ओलांडून इक्वेडोरला लागली आणि त्या माणसांनी इथल्या लोकांना कुंभारकाम शिकवले. पुढच्या वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचा लेख आला आणि हा विचार घरोघरी पोचला.

तो काळ अशा विचारांना अनुकूल होता. १९४७ साली थोर हेयरडाल ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियाला पोचला होता आणि महासागर पार करणारी प्राचीन माणसे सगळ्यांच्या कल्पनेत बसली होती. शिवाय मेगर्स आणि इव्हान्स हे काही हौशी लेखक नव्हते. त्यांच्याकडे मोजमापे होती, छायाचित्रांचे फलक होते आणि एका थोर संस्थेचे नाव होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. मेगर्स २०१२ साली वारल्या, तोपर्यंत त्या आपल्या मताला धरून राहिल्या आणि विरोधकांना पुराव्यानिशी उत्तरे देत राहिल्या.

तरीही सिद्धान्त टिकला नाही, आणि तो एका फटक्यात पडला असेही नाही. आधी तुलनेच्या पद्धतीवरच आक्षेप आला. जोमोन हा हजारो वर्षांचा आणि अख्ख्या जपानभर पसरलेला काळ आहे. त्यातून इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा निवडून वाल्दिव्हियाच्या निवडक तुकड्यांशेजारी ठेवला तर साम्य दिसणारच. ओल्या मातीवर नखाने, काडीने, शिंपल्याने उठणाऱ्या नक्षीचे प्रकार तरी किती असणार? मग समुद्राचा प्रश्न आला. क्युशू ते इक्वेडोर हे अंतर सुमारे पंधरा हजार किलोमीटर. १९७८ साली गॉर्डन मॅकइवन आणि ब्रूस डिक्सन यांनी वारे, प्रवाह, वादळे, अन्नपाणी आणि त्या काळच्या होड्यांची ताकद असा सगळा ताळेबंद मांडला. जपानजवळून निघणारा प्रवाह होडीला उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यात नेतो; तिथून विषुववृत्तापर्यंत जिवंत माणसे पोचणे जवळजवळ अशक्य आहे, हा त्यांचा निष्कर्ष. आणि पोचलेच, तरी खोल समुद्रात मासे मारणाऱ्या पुरुषांनी परक्या गावात पाऊल ठेवून कुंभारकाम शिकवावे आणि मासेमारीची आपली हत्यारे मात्र शिकवू नयेत, याचा मेळ कसा लावायचा?

सर्वांत मोठा धक्का जमिनीतूनच बसला. १९७२ साली हेनिंग बिशोफ आणि हुलिओ विटेरी गांबोआ यांनी वाल्दिव्हियाच्या खालच्या थरांत आणखी वेगळ्या घडणीची खापरे असल्याचे दाखवले. बेट्सी हिल यांनी भांड्यांची सगळी मांडणी नव्याने लावून वाल्दिव्हियाचे आठ टप्पे पाडले. जपानी साम्य ज्यांवर उभे होते त्यांतले कितीतरी नमुने पहिल्या टप्प्यातले नव्हतेच, ते नंतरचे निघाले. कोलंबियाच्या किनाऱ्यावर पुएर्तो ओर्मिगा इथे वाल्दिव्हियाच्या तोडीची जुनी आणि निराळी भांडी निघाली होती. पुढे १९९१ साली ॲना रूझवेल्ट यांनी ब्राझीलमधल्या तापेरिन्या इथली खापरे सात हजार वर्षांहून जुनी असल्याचे जाहीर केले. अमेरिकेतल्या माणसांना कुंभारकाम शिकवायला कोणी यावे लागले नव्हते.

या सगळ्या वादात मूर्ती कुठे होत्या? ग्रंथात त्यांचे वर्णन आहे, वर्गवारी आहे, सुरेख फलक आहेत. पण लोकांना जो वाद माहीत झाला तो भांड्यांच्या काठांचा आणि नक्षीचा. जपानमध्येही मातीच्या मूर्ती आहेत. त्यांना दोगू म्हणतात. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध, मोठ्या फुगीर डोळ्यांच्या मूर्ती जोमोनच्या अखेरच्या काळातल्या, वाल्दिव्हियाच्या पहिल्या मूर्तींपेक्षा दोनेक हजार वर्षांनी अलीकडच्या आणि जपानच्या उत्तरेकडच्या. त्यांत डोळे सगळा चेहरा व्यापतात आणि अंगभर नक्षी असते. वाल्दिव्हियाच्या बाईला डोळ्यांसाठी दोन चिरा पुरतात आणि तिचे अंग गुळगुळीत असते. काय गाळायचे आणि काय वाढवायचे हे दोन्हीकडे वेगळे ठरले होते. नक्षी एकमेकींसारखी निघू शकते, कारण साधने तीच असतात. पण शरीराचा कोणता भाग महत्त्वाचा हे समाज ठरवतो, आणि ते दगडी पाटीपासून मातीच्या टोपापर्यंत या किनाऱ्यावरच ठरत गेले होते. शिकण्याच्या ज्या पायऱ्या समुद्रापलीकडे शोधल्या गेल्या, त्यांतल्या निदान मूर्तींच्या पायऱ्या तरी त्याच खड्ड्यात ओळीने मांडलेल्या होत्या.

या समाजाचे चित्रही लवकरच पालटले. पहिल्या तिघांनी वाल्दिव्हियाचे लोक म्हणजे शिंपले वेचणारे, मासे मारणारे छोटे कबिले मानले होते, कारण त्यांनी समुद्राकाठी खोदले होते. प्रेस्ली नॉर्टन यांनी किनाऱ्यापासून सुमारे बारा किलोमीटर आत, नदीकाठी लोमा आल्ता इथे तेवढीच जुनी वस्ती शोधली. ती शेतजमिनीच्या कडेला होती. चांदुय गावाजवळ होर्खे मार्कोस यांना रेआल आल्तो हे स्थळ सापडले होते; १९७४-७५ साली डोनाल्ड लॅथ्रॅप यांच्या इलिनॉय विद्यापीठाच्या चमूबरोबर तिथे मोठे उत्खनन झाले आणि एक अख्खे गाव उघडे पडले. मधे लांबट मोकळे पटांगण, भोवताली लंबवर्तुळाकार घरांची रांग, भिंती लाकडी खांबांच्या, वर मातीचा गिलावा. पटांगणात समोरासमोर दोन उंचवटे. एकावर मेजवान्या झाल्याच्या खुणा, फुटलेली प्यायची भांडी, खाऊन टाकलेल्या खाण्याचे अवशेष. दुसऱ्यावर मृतांची अस्थिशाळा. भरभराटीच्या काळात इथे हजारभर माणसे राहत असावीत असा अंदाज आहे. डेबोरा पीअरसॉल यांनी मातीत टिकून राहिलेल्या वनस्पतींच्या सूक्ष्म कणांवरून इथे मका होता हे दाखवले. पुढे लोमा आल्ताच्या भांड्यांना चिकटलेल्या जळक्या अन्नात मक्याचा स्टार्च मिळाला, आणि मिरचीचाही. सहा हजार वर्षांपूर्वीच्या मिरचीचा तो पुरावा जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांत मोडतो. आपल्या रोजच्या जेवणातली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आली. मिरचीच्या लागवडीचा इतिहास या किनाऱ्यापर्यंत मागे जातो.

अस्थिशाळेच्या उंबऱ्यापाशी एक पुरलेली बाई सापडली, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. तिचे वय पस्तिशीच्या आसपास. तिची कबर फुटक्या पाट्या-वरवंट्यांनी बांधून काढली होती. खाली, कडेने, सगळीकडे दळायचे दगड. त्या गावात हा मान दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. ती कुळाची मूळ स्त्री होती, विधी करणारी होती की आणखी कोणी, याबद्दल अभ्यासकांची निरनिराळी मते आहेत. पण गावाच्या सर्वांत पवित्र जागेच्या दारात एका बाईला, धान्य दळायच्या दगडांच्या कुशीत, त्यांनी जागा दिली एवढे पक्के आहे. घराघरांत सापडणाऱ्या बाईच्या मूर्ती याच लोकांच्या. दोन गोष्टींचा थेट संबंध पुराव्याने जोडता येत नाही, आणि मी जोडणार नाही. पण बाईला या समाजात केवढे स्थान होते ते त्या कबरीवरून दिसते.

मूर्तींचा उपयोग काय होता? एक गोष्ट ठळक आहे : त्या मुख्यतः घरांच्या उकिरड्यात, तुटलेल्या अवस्थेत सापडतात. देवघरात वर्षानुवर्षे पुजायच्या त्या मूर्ती नव्हत्या. मेगर्स आणि इव्हान्स यांनी पनामा-कोलंबियाकडच्या आदिवासींच्या चालीरीतींवरून असे सुचवले की आजार बरा करण्याच्या विधीत मूर्ती लागत आणि काम झाले की टाकून देत. पीटर स्टाल यांनी १९८६ साली मांडले की नशा आणणाऱ्या वनस्पतींच्या आधारे आत्म्यांशी बोलणाऱ्या वैदूंच्या विधींशी त्यांचा संबंध आहे. काही मूर्ती गरोदर आहेत, काहींना एका धडावर दोन डोकी आहेत. काही अभ्यासकांना मागून पाहिल्यावर त्यांत पुरुषलिंगाचा आकार दिसतो, म्हणजे स्त्री-पुरुष दोन्ही एकाच मूर्तीत. सुपीकतेची देवता हे उत्तर तर प्रत्येक प्राचीन स्त्रीमूर्तीला चिकटवले जाते. त्यातून या मूर्तीबद्दल विशेष काहीच कळत नाही.

मला सर्वांत जवळचे वाटते ते कोस्तान्झा दि कापुआ यांचे म्हणणे. इटलीहून इक्वेडोरला येऊन स्थायिक झालेल्या या विदुषीने १९९४ साली एक निबंध लिहिला आणि त्यात लक्ष वेधले ते केसांकडे. केशरचना आणि शरीर यांचा मेळ लावून पाहिला तर मूर्तींत बाईच्या वयाचे टप्पे दिसतात, असे त्या म्हणतात. कोवळी मुलगी, वयात येणारी, वयात आलेली, आई होणारी. मुलगी वयात येते तेव्हाच्या विधीत केस कापणे, तासणे, नव्या रीतीने बांधणे हे ॲमेझॉनच्या अनेक जमातींत आजही घडते. तशा विधीसाठी प्रत्येक मुलीमागे मूर्ती घडवली आणि विधी संपल्यावर ती टाकून दिली, तर उकिरड्यातल्या तुटक्या मूर्ती, त्यांची मोठी संख्या आणि केसांवरची ती अपार मेहनत, या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो. हे गृहीतक आहे, सिद्ध झालेले नाही. पण कारागिराने जिथे जीव ओतला तिथूनच अर्थ शोधायला सुरुवात करणारे हे एकच स्पष्टीकरण आहे, आणि म्हणून ते मला मोलाचे वाटते. चेहरा पुसट आहे कारण ही कोणी एक बाई नाही. ती त्या वयातली कोणीही मुलगी आहे, आणि तिचे वय तिच्या केसांत लिहिलेले आहे.

वाल्दिव्हियाच्या मूर्तीला आता ‘व्हीनस’ म्हणतात आणि ती इक्वेडोरची ओळख बनली आहे. ग्वायाकिल आणि कितो इथल्या संग्रहालयांत तिचे उत्तम नमुने आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्येही आहेत. रेआल आल्तोला उत्खननाच्या जागेवरच संग्रहालय उभारले आहे. गेल्या दशकात तिथे रशियन, जपानी आणि इक्वेडोरच्या संशोधकांनी मिळून पुन्हा खोदकाम केले आणि नव्याने कार्बनचे नमुने तपासले. वाल्दिव्हिया गावातले कारागीर जुन्याच रीतीने मूर्तींच्या प्रतिकृती घडवून विकतात आणि प्रतिकृती म्हणूनच विकतात. तो त्यांचा हक्काचा धंदा आहे.

त्याच्या शेजारी दुसरा बाजार आहे, आणि तो घातक आहे. मूर्ती छोटी, घडवायला सोपी दिसणारी, परदेशी ग्राहकाला आवडणारी. त्यामुळे जुनी म्हणून खपवलेल्या बनावट मूर्ती जगभरच्या खासगी संग्रहांत शिरल्या आहेत. खऱ्या मूर्तींसाठी पांढरी उकरल्या गेल्या. ज्या थरावरून दगडी पाटी आधी आणि मातीची बाई नंतर हे कळले, तो थर एकदा विस्कटला की परत लागत नाही. मूर्ती हाती राहते, तिचे वय आणि शेजार जातो. इक्वेडोरच्या कायद्याने पुरावस्तू राष्ट्राची मालमत्ता आहे आणि ती देशाबाहेर विकायला बंदी आहे. तेव्हा लिलावाच्या संकेतस्थळावर किंवा परदेशातल्या एखाद्या दुकानात ‘वाल्दिव्हिया, इ.स.पूर्व २५००’ अशी चिठ्ठी लावलेली बाई दिसली, तर ती घेऊ नका. हौस असेल तर गावातल्या कारागिराने घडवलेली घ्या आणि खरी पाहायची असेल तर संग्रहालयात जा. तिथे काचेच्या पेटीच्या मागच्या बाजूलाही जाता येत असेल तर जरूर जा, म्हणजे तिच्या पाठीवरचे केसांचे कामही पाहायला मिळेल.